आयर्विनला किती फूट?

पावसाळ्यात सांगलीकराला फोन केला की तब्येतीची चौकशी मागाहून, आधी हाच प्रश्न. आयर्विन म्हणजे आमचा कृष्णेवरचा जुना दगडी पूल; नदीचं पाणी किती चढलं ते तिथं फुटांत मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे आकडे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हा आमची आज्जी गावभागातल्या घराच्या माडीवर बसून जिन्याच्या बुडणाऱ्या पायऱ्या मोजत होती. आठवी पायरी गेल्यावर तिनं विचारलं, "पूल आहे ना रे जागेवर?"

पूल जागेवर होता. २०२१ ला पाणी परत ५४ फुटांच्या वर गेलं, तेव्हाही होता.

नोव्हेंबर १९२९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते या पुलाचं उद्घाटन झालं. बांधला मात्र सांगली संस्थानानं, राजेसाहेब चिंतामणराव पटवर्धनांच्या कारकिर्दीत. त्याआधी पावसाळ्यात सांगलीवाडीला जायचं तर नावेशिवाय इलाज नव्हता. एका छोट्या संस्थानानं कृष्णेसारख्या नदीवर एवढं काम उभं करावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पुढं गांधी-आयर्विन करारामुळं ते नाव देशभर झालं, पण आमच्या गावात आयर्विन म्हणजे पूलच.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की घाटावरून खाली जाऊन कमानीखाली उभं राहा आणि वर बघा. दगडी कमानीचं गणित डोळ्यांना दिसतं. आधी लाकडाचा सांगाडा उभारायचा, त्यावर दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे घडवलेले दगड चढवत न्यायचे, मधला शेवटचा दगड बसला की सांगाडा काढून घ्यायचा. त्यानंतर वरून जेवढं ओझं येतं तेवढे दगड एकमेकांना आणखी घट्ट दाबतात आणि तो भार कमानीतून खांबात, खांबातून पायात उतरतो. दाब सोसायला दगड पक्का, आणि गंजायला आत लोखंड नाही.

अशा पुलाला खरी भीती असते ती तळाशी. पुराचं पाणी खांबाला वळसा घालताना भोवरा होतो आणि पायाजवळची माती उकरून नेतं. वरून रस्ता ठणठणीत दिसत असतो. म्हणून प्रत्येक मोठ्या पुरानंतर पाणबुडे उतरवून पाया तपासलाच पाहिजे. महाडचा सावित्रीवरचा पूलही दगडी कमानींचाच, १९२८ चा, आपल्या पुलाहून एकच वर्षानं मोठा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या.

आता शेजारी समांतर पूल झालाय. तो हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण नवा आला म्हणून जुन्याकडं पाठ फिरवायची, हे मला पटत नाही. पायी जाणाऱ्यांना, सायकलवाल्यांना, संध्याकाळी कठड्याला टेकून नदी बघत बसणाऱ्या म्हाताऱ्यांना तो राहू द्या. सांध्यांत उगवलेली झाडं नुसती छाटू नका, मुळासकट काढा. आणि दगडांमधल्या दरजा, म्हणजे फटी, भरताना सिमेंट थापू नका, चुनाच वापरा. चुना दगडाबरोबर थोडा हलतो, आतली ओल बाहेर सोडतो. सिमेंट कडक होऊन बसतं, ओल आत कोंडते आणि शेवटी दगडाचेच टवके उडतात.

२०२९ ला पुलाची शंभरी आहे. रोषणाई होईल, भाषणं होतील. त्याआधी पायाची तपासणी होऊन तिचा अहवाल लोकांसमोर ठेवला जावा, एवढंच माझं मागणं आहे. दोन वर्षांपूर्वी मी यासाठी एका कार्यालयात अर्ज दिला होता. पोच मिळाली, उत्तर नाही.

अर्जासोबत एका खांबावरच्या उंबराच्या रोपाचा फोटो जोडला होता. तेव्हा त्याला चार पानं होती. परवा जाऊन पाहिलं, खोड माझ्या मनगटाएवढं झालंय आणि मुळानं दोन दगडांमधली दरज उघडलीय. नवा फोटो खाली टाकतोय.