टेबल पुढच्या बाजारातही तिथंच असतं

शेतकरी बाजारात मी एका कंपनीच्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंचं टेबल लावते. गेल्या बाजारात ऐन गर्दीच्या वेळी एक ताई आल्या आणि पिशवीतून डब्याचं झाकण काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. समोर पाच-सहा गिऱ्हाइकं उभी, माझ्या हातात अर्धा चिरलेला टोमॅटो. "हे तुम्हीच दिलं होतंत. गळतं." आवाज चढा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता.

या धंद्यात नवी होते तेव्हा मी "ताई, जरा इकडे या ना, बोलू आपण" म्हणत त्यांना टेबलाच्या कडेला घेऊन गेले असते. या वेळी तिथंच, सगळ्यांच्या देखत, झाकणाच्या खाचेतली रबरी रिंग चमच्याच्या दांड्याने उचलून काढली. (सुरीच्या टोकाने कधीही काढू नका. निम्म्या रिंगा तशाच कापल्या जातात.) खाली तेलकट चिकट थर, आणि रिंग उलटी बसवलेली. पुसली, सरळ बसवली, डब्यात पाणी भरून उपडा धरला. तरी दोन-तीन थेंब आलेच. नीट पाहिलं तर रिंगला एका जागी बारीक चीर. म्हटलं, "रिंग गेलीय ताई. मागवते, पुढच्या बाजारात घेऊन जा."

गंमत पुढे आहे. समोर उभ्या असलेल्यांपैकी दोघींनी तसाच डबा घेतला. गळताना बघून घेतला!

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. आम्हा डायरेक्ट सेलिंगवाल्यांना, म्हणजे कंपनीचा माल दुकानाशिवाय थेट गिऱ्हाइकाला कमिशनवर विकणाऱ्यांना, शिकवलं जातं ते सगळं एका भेटीत सौदा पक्का करायला. गिऱ्हाईक "विचार करून सांगते" म्हणालं की त्यावर काय बोलायचं याची पाठ केलेली वाक्यं असतात. दारोदार फिरणाऱ्याला ते चालून जातं, कारण तो परत त्या दारात जाणारच नसतो. शेतकरी बाजारात माझं टेबल पुढच्या वेळीही त्याच जागी, त्याच झाडाखाली असतं. थाप मारली तर ती मारणारी कुठे सापडेल हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या मते बाजारात स्टॉल लावणाऱ्याने कंपनीच्या ट्रेनिंगमधलं निम्मं तरी घरीच ठेवून यावं.

स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या थेट विक्रीची सगळ्यात गाजलेली गोष्टही झाकणाचीच आहे. अर्ल टपर या अमेरिकन माणसाने १९४६ मध्ये पॉलिथिलीनचे हवाबंद डबे बाजारात आणले, तेच टपरवेअर. झाकणाची कल्पना रंगाच्या डब्यावरून सुचलेली. दुकानांत ते नुसते पडून राहिले, कारण मधोमध दाबून, कडेने हवा काढून झाकण लावायचं असतं हे कुणी दाखवल्याशिवाय कळत नव्हतं. ब्राउनी वाइज नावाच्या बाईने घरी मैत्रिणी जमवून हे डबे दाखवून विकायचा धडाका लावला, इतका की १९५१ मध्ये कंपनीने दुकानांतला माल काढून घेतला आणि सगळी विक्री घरगुती पार्ट्यांतून सुरू केली. १९५८ मध्ये त्याच वाइजबाईंना कंपनीतून काढून टाकलं, तो भाग ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही. आणि २०२४ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मिळावं म्हणून कोर्टात अर्ज केला.

वस्तू हातात घेऊन दाखवली तर खपते, हे त्या गोष्टीतलं खरं. पण घरच्या पार्टीत आणखी एक गोष्ट खपत असते, ती म्हणजे भीड. जिच्या घरी पार्टी, तिच्या भिडेखातर चार जणी काहीतरी घेतातच. मीही घेतलंय. एक लिंबू पिळायचं यंत्र अजून खोक्यात आहे. बाजारात ही भीड नसते. माणूस भाजीची पिशवी सांभाळत येतो, अर्धा मिनिट बघतो, न आवडलं तर एक शब्द न बोलता पुढे जातो. सुरुवातीला याचं वाईट वाटायचं. आता वाटतं, हेच बरं आहे.

म्हणून मी टेबलावर जुन्या वस्तू ठेवायला लागले. कंपनीच्या व्हिडिओत सुरी कोरी असते, टोमॅटोच्या सालीवर टेकली की आत. माझ्याकडे दोन सुऱ्या असतात, एक नवी आणि एक माझ्याच घरची, सहा महिने वापरलेली. दोन्ही गिऱ्हाइकाच्या हातात देते. जुनी सुरी सालीवरून जरा घसरते, मग आत जाते. लोक विचारतात, "म्हणजे धार जाते?" जाते. प्रत्येक सुरीची जाते. मग धार कशी लावायची, लाकडी पाट का वापरायचा, काचेच्या पाटावर धार का लवकर मरते, हे बोलणं सुरू होतं आणि माणूस दहा मिनिटं टेबलाशी थांबतो.

लोहचुंबकाचं तर विचारूच नका. महिन्यातून एक तरी काका खिशातून चुंबक काढतात. "चिकटलं, म्हणजे तुमचं स्टील नकली!" मला आधी घाम फुटायचा. आता मीच टेबलावर चुंबक ठेवते. भांड्यांसाठी सर्रास वापरतात त्या ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, डब्यावर १८/८ लिहितात ते हेच. त्याला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. सुरीचं स्टील वेगळं. ते तापवून कडक करावं लागतं, नाहीतर धार टिकत नाही, आणि त्या जातीच्या स्टीलला चुंबक चिकटतंच. इंडक्शनच्या भांड्याचं बूडही चुंबक चिकटणारंच लागतं, नाहीतर शेगडी भांडं ओळखत नाही. तेव्हा काका, एकच भांडं आतून चिकटू देत नाही आणि बुडाला चिकटू देतं, यात फसवणूक काही नाही. एवढं सांगून झाल्यावर काकांनी काही घेतलं नाही. पण पुढच्या बाजारात बायकोला घेऊन आले आणि तिला तेच सगळं स्वतः शोधून काढल्यासारखं समजावून सांगितलं. मी गप्प उभी राहिले. तवा त्यांनीच विकला.

नॉनस्टिकबद्दल मात्र मी आमच्याच मंडळींवर चिडते. "आयुष्यभर टिकेल" असं सांगून तवे विकतात. नॉनस्टिकचा थर हा झिजणारा माल आहे. रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला १९३८ मध्ये अपघाताने सापडलेलं ते टेफ्लॉन साधारण २६० अंश सेल्सियसपर्यंत बिनघोर वापरता येतं. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवून फोनवर बोलत बसलात तर ती मर्यादा बघता बघता ओलांडली जाते, आणि बरंच पुढे गेलं की थर बिघडून धूर येतो. पाळलेल्या पक्ष्यांच्या तर तो जिवावर बेततो. सिरॅमिक कोटिंगवाला तवा जास्त उष्णता सोसतो, पण त्याचा गुळगुळीतपणा बहुधा आधी जातो. मी हे टेबलावर सांगते. विक्री थोडी पडते, पण "तुमचा तवा चिकटायला लागला" म्हणून भांडायला कुणी येत नाही.

पैशाचं बोलायचं तर, समजा दिवसभरात १०० ची विक्री झाली आणि माझं कमिशन २५. त्यातून जागेचं भाडं ८, गाडी ४, डेमोसाठी घेतलेली भाजी, पिशव्या, हातातून पडून फुटलेला एखादा नमुना मिळून ३. उरले १०, तेही पहाटेपासून उभं राहून. वाऱ्याने छत उडालं तर तेही नाही (चारही पायांना पाण्याचे कॅन बांधा, नुसत्या दोरीवर विसंबू नका). त्यातून बाजारातल्या माणसाला वस्तू आत्ता हवी असते. "ऑर्डर देते, दहा दिवसांत येईल" म्हटलं की निम्मे जण तिथंच गळतात. म्हणून पीलर, स्पॅटुला, छोटे डबे असा हलका माल मी पदरचे पैसे घालून आणून ठेवते आणि मोठ्या भांड्यांचा फक्त एक एक नमुना. भाडं पीलरवरच निघतं, मोठ्या कुकरवर नाही. मात्र टार्गेट पूर्ण करायला म्हणून माल कधीच उचलत नाही. घरातल्या माळ्यावर एकदा तो प्रयोग करून झालाय.

आता अपलाइनचा, म्हणजे ज्यांच्या टीममध्ये मी काम करते त्या वरच्या मंडळींचा मुद्दा. "टेबलावर टीममध्ये सामील व्हा असा बोर्ड का लावत नाहीस?" हे मला दर मीटिंगला ऐकावं लागतं. नाही लावत. ज्या बाईला पीलर हवाय तिला मी धंदा विकायला लागले तर ती पीलरही घेणार नाही आणि पुढच्या वेळी माझ्या टेबलासमोरून वळसा घालून जाईल. कुणाला खरंच काम करायचं असेल तर तिने माझ्याबरोबर एक दिवस उभं राहावं, वरचा हिशोब तिला तोंडी सांगते. आजवर दोघी आल्या. एकीने दुपारीच पाय दुखतात म्हणून रजा घेतली, आणि तिचं बरोबर होतं.

शेवटी, आम्ही तिथं पाहुणे आहोत हेही लक्षात ठेवलेलं बरं. काही शेतकरी बाजारांचा नियमच असतो की स्वतः पिकवलेलं किंवा स्वतः केलेलंच विकायचं. बाहेरून माल आणणाऱ्यांना जागा नाही, किंवा असली तर अगदी थोडी. माझ्या शेजारचे दादा पहिल्या दिवशी माझ्याकडे बघतही नव्हते. त्यांचं चुकलं नाही. त्यांनी चार महिने राबून टोमॅटो पिकवला आणि मी खोकं फोडून टेबल सजवलं. आता डेमोचे टोमॅटो मी त्यांच्याकडूनच घेते, पूर्ण भावाने, आणि कुणी "टोमॅटो मस्त चिरला गेला" म्हटलं की हात दादांच्या टेबलाकडे दाखवते. दादांची सुरी मीच पाजवून देते. कंपनीची नाही ती, कुठल्याशा जुन्या पत्र्याची आहे, आणि खरं सांगू का, माझ्या टेबलावरच्या कुठल्याही सुरीपेक्षा धार जास्त धरते.

त्या ताईंची रिंग काल आली. दोन मागवल्या होत्या. एक बसवून देईन, एक त्यांच्या पिशवीत टाकेन.