ग्राहकास समजावले

परवापासून माझ्या पाकिटात एक पावती आहे. तिच्यावर निळ्या बॉलपेनने लिहिलंय : 'फ्रीजमध्ये दोष नाही. ग्राहकास समजावले.' खाली सही माझी.

बागेतल्या उघड्या स्वयंपाकघरासाठी खणांचा फ्रीज घेतला होता. वर एक खण, खाली एक, ओट्याच्या पोटात. दुकानदार म्हणाला, "घरात ठेवा, बाहेर ठेवा, त्याला काय कळतंय!" गवंड्याने तिन्ही बाजूंनी दगड असा बसवला की मध्ये कागद सरकू नये. त्याबद्दल मी त्याचं चारचौघांत कौतुकही केलं. पहिल्याच मेजवानीला बाटल्या कोमट निघाल्या.

मेकॅनिक आला. हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. डोळे मिटून त्याने फ्रीजवर तळहात ठेवला, तापाच्या पोराचं कपाळ बघावं तसा.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"कोंडून."

"बसवून तीन आठवडे झाले."

"साहेब, तुम्हाला भिंतीत चिणलं तर तुम्ही काढाल का तीन आठवडे?"

बाबा खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "मी हेच सांगत होतो." बाबा हे अजिबात सांगत नव्हते. रंग पांढरा घे, एवढंच ते सांगत होते.

मग मला समजावणं सुरू झालं. फ्रीज आतली उष्णता ओढून मागे टाकतो, तिला जायला वाटच नाही, म्हणून ती तिथेच बसते आणि कॉम्प्रेसर रात्रंदिवस धापा टाकतो. ओट्यात बसवायचा तर गरम हवा पुढच्या जाळीतून सोडणारा लागतो. "हा मागून सोडतो," मेकॅनिक आवाज खाली आणून म्हणाला, जणू फ्रीजला वाईट वाटेल.

इथवर ठीक होतं. पण त्याने वरचा खण अख्खा उपसला, माझ्या हातात बॅटरी दिली आणि मला गुडघ्यांवर बसवलं.

"ते लेबल वाचा. मोठ्यानं."

"क्लायमेट क्लास, एन."

"एन म्हणजे?"

मी गप्प.

"वाच की पुढे," बाबा म्हणाले.

"एन म्हणजे 16 ते 32 डिग्री. काल दुपारी इथे किती होतं?"

"39."

"38 पर्यंत एसटी, 43 पर्यंत टी. आणि तेही घरातलेच. पावसापाण्यात ठेवायचे मुळातच वेगळे येतात."

आता मला सांगा, हा फ्रीज किती उन्हाळा सोसेल ते एका अक्षरात लिहिता येत असेल, तर ते अक्षर बाहेर दारावर का नको? दारावर काय, तर हसणारं कुटुंब! अक्षर मोहरीएवढं, खणाच्या मागे, आणि ते सापडणार कधी, तर पैसे देऊन झाल्यावर. बाहेर बसवला म्हणून वॉरंटीही गेली, हेही आतल्या पुस्तिकेत बारीक टायपात. दुकानदार आता फोन उचलत नाही. त्याला समजावायला कुणी जात नाही.

निघताना मेकॅनिकने थंड पाणी मागितलं. मी घरातून आणलं. तो घोट घेत म्हणाला, "घरातला मोकळा उभा असेल ना?" बाबांनी त्याचा नंबर लिहून घेतला.

दगड काढायचा तर ओटा फुटेल, असं गवंडी म्हणतो. तूर्त वरच्या खणात चिमटे आहेत, खालच्यात कोळशाची पोती. खण मात्र झकास बंद होतात. शेवटची चार बोटं तर आपणहून.