चौदा मिनिटं गाणी, एक मिनिट सार्जंट

लेकीकडे टेनेसीत सहा महिने काढून आलो. भेटेल तो विचारतो, नायगारा पाहिलात का? नाही पाहिला. जुन्या सामानाची दुकानं पाहिली. आपल्या जुन्या बाजाराला एसी लावला की तिकडचा अँटिक मॉल होतो. तिथे एका खोक्यात दोन डॉलरला एक एलपी मिळाली. पाकिटावर ना चित्र, ना गायकाचा फोटो. लेबलवर 'कंट्री म्युझिक टाइम' आणि अमेरिकी हवाई दलाचं नाव. कंट्री म्हणजे तिकडच्या दक्षिणेतलं गावाकडचं संगीत. जावयाकडे रेकॉर्ड प्लेयर आहे (या पोरांना तबकड्यांचं खूळ पुन्हा लागलंय, बरंच झालं). लावली. फिडल, म्हणजे व्हायोलिनच पण गावाकडच्या चालीचं, सोबत स्टील गिटार, साखरेत घोळलेल्या आवाजाचा निवेदक, पाहुणा गायक. दोन गाणी झाली, थोड्या गप्पा झाल्या, आणि गप्पांच्या ओघातच निवेदक हवाई दलात गेल्यावर काय काय शिकायला मिळतं ते सांगायला लागला. जवळच्या भरती अधिकाऱ्याला जाऊन भेटा म्हणाला. लगेच तिसरं गाणं. पंधरा मिनिटांत खेळ खलास.

तेव्हापासून दोन महिने मी हेच ऐकतोय. असले कार्यक्रम ढिगाने निघाले होते आणि त्यातले बरेच आता नेटवर ऐकायला मिळतात. भूदलाचा 'कंट्री स्टाइल यूएसए', हवाई दलाचा 'कंट्री म्युझिक टाइम', नौदलाचा 'नेव्ही होडाउन', मरीनवाल्यांचा 'लेदरनेक जंबोरी'. चारही दलांचा आपापला फड. पन्नासच्या दशकात जोर धरलेला हा प्रकार सत्तरच्या दशकातही चालू होता.

मला पहिला प्रश्न पडला तो वेगळाच. अमेरिकेत तेव्हा सक्तीची भरती होती. 1948 ते 1973. पोरगा अठरा वर्षांचा झाला की नाव नोंदवायचं आणि बोलावणं आलं की जायचं. मग ज्याला पकडून न्यायचंच आहे, त्याला गाणी कशाला ऐकवायची?

उत्तर असं की सक्ती हीच या जाहिरातीची खरी ताकद होती. बोलावण्याची वाट बघत बसलास तर दोन वर्षं भूदलात, आणि काम ते देतील ते. स्वतःहून गेलास तर वर्षं जास्त, तीन किंवा चार, पण दल तू निवडणार, कामाबाबतही थोडंफार तुझं ऐकलं जाणार. हवाई दलाने तर सक्तीतली मुलं घेतलीच नाहीत, त्यांचं सगळं स्वेच्छेवर. पण ती स्वेच्छा कसली, तर पायदळात चिखल तुडवायला लागू नये म्हणून आधीच दुसरं दार गाठणाऱ्यांची. भूदलातही हा भेद नंबरातच दिसायचा. स्वतःहून आलेल्याच्या शिपाई क्रमांकापुढे 'आरए', ओढून आणलेल्याच्या पुढे 'यूएस'. म्हणजे चार दुकानं, गिऱ्हाईक एकच आणि गिऱ्हाइकाच्या पाठीमागे बडगा. असल्या बाजारात गोड बोलणाऱ्याचा माल खपतो.

आता हे रेडिओवर फुकट कसं वाजायचं ते बघा, कारण मला सगळ्यात मजा इथेच वाटली. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेत हजाराच्या आत मध्यम लहरींची केंद्रं होती. पाच वर्षांत ती दोन हजारांच्या वर गेली. त्यातली कित्येक गावठाणातली, दिवस मावळला की बंद होणारी, दोनचार माणसांवर चालणारी. त्यांना दिवसभर वाजवायला सामान हवं. शिवाय दर तीन वर्षांनी परवाना नवा करून घ्यायचा, तेव्हा आपण लोकसेवेसाठी किती वेळ दिला ते सरकारला दाखवायचं. अशा मालकाच्या दारात टपालाने फुकट तबकडी येते. सुरुवातीच्या काळात तर सोळा इंची, परातीएवढी. त्यात नॅशव्हिलचे, म्हणजे टेनेसीतल्या कंट्री संगीताच्या राजधानीचे, पहिल्या फळीचे गायक, ध्वनिमुद्रण उत्तम, लांबी मोजून पंधरा मिनिटं, आणि वाजवली की लोकसेवेच्या रकान्यात जमा. कोण नाही म्हणेल? मी त्या जागी असतो तर पोस्टमनला चहा पाजला असता.

गायकालाही हे हवंच होतं. पूर्णवेळ कंट्री संगीत वाजवणारी केंद्रं 1961 साली सगळ्या देशात जेमतेम 81 होती. 1969 पर्यंत ती सहाशेच्या वर गेली. मधल्या दुष्काळात ज्याचं गाणं फौजेच्या तबकडीवर चढलं, ते शेकडो गावांत पोचलं. फौजेला पोरं, केंद्राला माल, गायकाला कान. तिघांचाही फायदा. बिल कोणाच्या नावावर फाडलं गेलं, ते त्या तबकडीवर कोणी सांगत नाही.

आणि ही सोयरीक केवढी घट्ट होती त्याचा पुरावा विटामातीत आहे. म्हणजे खरं तर पत्र्यात. ओवेन ब्रॅडली या संगीतकाराने 1954 च्या सुमाराला नॅशव्हिलच्या 16व्या अॅव्हेन्यूवर एक जुनं घर घेतलं आणि मागे क्वॉन्सेट हट जोडली. क्वॉन्सेट हट म्हणजे अर्ध्या पिंपासारखी पत्र्याची शेड, युद्धात अमेरिकी नौदलाने हजारोंनी उभ्या केलेली आणि युद्धानंतर मोडीत निघालेली. ब्रॅडलीला तिथे चित्रीकरण करायचं होतं. भूदलाच्या 'कंट्री स्टाइल'चे टीव्हीसाठीचे भाग त्याच शेडमध्ये चित्रित झाले, आणि कंट्री गायिका पॅट्सी क्लाइनची सगळ्यात गाजलेली काही गाणीही तिथेच ध्वनिमुद्रित झाली. ज्या गल्लीला पुढे म्युझिक रो म्हणून जग ओळखू लागलं, तिचा पहिला स्टुडिओ हा. फौजेच्या मोडीतल्या पत्र्याखाली फौजेचा कार्यक्रम. कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने काढून टाकलं असतं.

फॅरन यंग हा कंट्री गायक ऐकलाय का? लुइझियानाचा पोरगा, वय वीस, नुकतं नाव होत होतं आणि 1952 च्या शेवटी बोलावणं आलं. तो प्रशिक्षणात असताना इकडे त्याचं गाणं लोकप्रिय गाण्यांच्या यादीत वर चढत गेलं. फौजेतले लोक काही खुळे नाहीत. त्याला करमणुकीच्या विभागात घेतलं, भरतीच्या रेडिओ कार्यक्रमात गायला लावलं. त्याआधी हे काम एडी फिशर नावाचा शहरी, पॉप गाणारा गायक करायचा. म्हणजे सक्तीने नेलेला पोरगा माईकसमोर उभा राहून इतर पोरांना खुशीने या म्हणतोय. याला त्याचा इलाज नव्हता हे मला कळतं. गाणी तर फारच छान आहेत.

आता मुद्दा, ज्यासाठी लिहायला बसलो. अमेरिकेत काय आणि आपल्या इथल्या जाणकार मित्रांतही काय, एक गोष्ट गृहीत धरलेली असते की कंट्री संगीत म्हणजे झेंडा, पिकअप ट्रक आणि फौज, ते त्याच्या रक्तातच आहे. मला हे पटेनासं झालंय. रक्तात काही नव्हतं, ते टपालाने घरपोच आलं.

सैनिकांना हे संगीत मनापासून आवडायचं, हे खरं आहे. 1945 साली म्युनिकच्या लष्करी रेडिओने सैनिकांचा कौल घेतला, साधारण 3,700 मतं पडली आणि कंट्री गाणाऱ्या रॉय अकफने शहरी पॉपचा बादशहा फ्रँक सिनात्राला सहाशे मतांनी हरवलं. तेव्हा कुणी ढकललेलं नव्हतं. पण आवड असणं वेगळं आणि त्या आवडीला गणवेश चढवणं वेगळं. मूळचं कंट्री गाणं कशाचं? घर सुटल्याचं, आईचं, दारूचं, कोळशाच्या खाणीचं, आगगाडी निघून गेल्याचं. लढाई आलीच तर पुष्कळदा न परतलेल्याच्या घरच्यांच्या तोंडून. लोरेटा लिन केंटकीच्या खाण कामगाराची मुलगी. 1966 साली व्हिएतनाम पेटलेलं असताना तिने थेट अंकल सॅमला, म्हणजे अमेरिकी सरकारला, पत्र लिहिल्यासारखं गाणं केलं, देशावर माझं प्रेम आहे पण माझा माणूसही मला हवाय अशा अर्थाचं. ते चांगलं वाजलं, गाजलं. हे रक्तातलं कंट्री. त्या तबकड्यांवरच्या भरतीच्या एका मिनिटात नेमकी ही बाई नसते.

नॅशव्हिलच्या प्रतिष्ठितांना तर या गाण्यांची लाजच वाटायची. त्यांचं गाव म्हणजे दक्षिणेचं अथेन्स, तिथे ग्रीक पार्थेनॉनची हुबेहूब इमारत आहे, खोटं वाटेल पण आहे. त्यांना हे 'हिलबिली', म्हणजे डोंगरातल्या अडाण्यांचं संगीत. पेंटॅगॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, जवळ केल्यावर अडाणीपणावर पांघरूण पडलं. सरकारी पाहुणा झाला की माणूस सुधारलेला दिसतो, आपल्याकडेही.

आणखी एक खटकतं. 1948 साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद बंद करायचा आदेश काढला. पण मी ऐकलेल्या भागांत एकही कृष्णवर्णीय गायक नाही. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतातून आलेला कृष्णवर्णीय कंट्री गायक चार्ली प्राइड याला 1956 साली फौजेचं बोलावणं आलं होतं. नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या सगळ्यात मानाच्या कार्यक्रमाच्या मंचावर तो उभा राहिला 1967 साली. फौज सगळ्यांची, पण आमंत्रण विशिष्ट अंगणातच वाजायचं.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, कोरडवाहू. घरटी एक माणूस पल्टणीत. माझे चुलते मराठा लाइट इन्फंट्रीत होते. आम्हाला बोलवायला रेडिओ लागला नाही, भरती आहे एवढं कळलं की पोरं पहाटे चारला मैदानावर. विविध भारतीवर जयमाला लागायची ती आधीच गेलेल्यांसाठी. काकू चुलीपाशी बसून ऐकायची आणि एखाद्या फर्माइशीत यांचं नाव येतंय का म्हणून भाकरी थांबवायची. ते कधी आलं नाही. म्हणून मला त्या टेनेसीच्या, केंटकीच्या पोरांचं फार नवल वाटत नाही. खाण बंद, जमीन थोडी, भावंडं सहा. अशा घरात गाणं लागलं काय, न लागलं काय, पोरगा गेलाच असता. पण मग त्या गाण्याने देशप्रेम शिकवलं असं तरी म्हणू नका. त्याने फार तर रस्ता सोपा केला.

लेक म्हणते, बाबा, एवढा राग आहे तर ऐकता कशाला? कारण पॅट्सी क्लाइन 1963 च्या मार्चमध्ये विमान पडून गेली, तीस वर्षांची होती, आणि गाजलेल्या रेकॉर्डींबाहेरचा तिचा आवाज जो काही उरलाय त्यातला थोडा या भरतीच्या तबकड्यांनीच जपलाय. गाणं संपल्यावर ती निवेदकाशी दोन शब्द हसून बोलते, तेवढंही त्यात आहे. मग येतो सार्जंट, भरतीचं ते एक मिनिट बोलायला. नेटवर त्याला पुढे ढकलायची सोय आहे. मी ढकलत नाही, पूर्ण ऐकतो. त्याचा उच्चार आमच्या टेनेसीच्या शेजाऱ्यासारखाच आहे, गोड, ओढलेला, आणि दर वेळी मला एक क्षण वाटतं की हा माणूस माझ्या भल्याचंच सांगतोय.