ट्रॅकवाले मॅरेथॉनला घाबरतात म्हणे!

मॅरेथॉनचा हंगाम आला की पळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक दावा हमखास फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच. ट्रॅकवर पाच-दहा हजार मीटर मारणारे दिग्गज मॅरेथॉनच्या ४२ किलोमीटरना घाबरतात. खरं तर दहा हजाराचा विजेता सहा महिन्यांच्या तयारीत मॅरेथॉन खिशात घालेल. पैसाही तिथेच आहे. तरी ते जात नाहीत, आणि जातात ते ट्रॅकवर संपल्यावर, पेन्शनीत निघाल्यासारखे. वर आपल्याकडचं शेपूट जोडलेलं असतं: अविनाश साबळेने ती स्टीपलचेस, म्हणजे तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत, सोडून मॅरेथॉन धरली असती तर कुठल्या कुठे गेला असता.

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. त्याकडे येऊच.

‘जातच नाहीत’ हे आधी निकालात काढू. एमिल झाटोपेक १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार आणि दहा हजार जिंकून त्याच आठवड्यात आयुष्यातली पहिली मॅरेथॉन पळाला आणि तीही जिंकला. पॉल टेरगाट, हेले गेब्रसेलासी, केनेनिसा बेकेले, मो फराह, एलिउड किपचोगे, सगळे ट्रॅकवरून आलेले. टेरगाट आणि गेब्रसेलासी यांनी तर दहा हजाराचा आणि मॅरेथॉनचा, दोन्ही विश्वविक्रम केले. तेव्हा ‘का जात नाहीत’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कधी जातात आणि जाताना काय सोडतात, ते विचारायला हवं.

आता मुख्य गोष्ट, ‘दहा हजारवाल्याला मॅरेथॉन सोपी’. हे पटतं, कारण आकडेमोड पटते. जोशुआ चेप्तेगेईने २०२० मध्ये दहा हजार मीटर २६:११.०० मध्ये संपवले. म्हणजे प्रत्येक लॅप ६३ सेकंदांच्या आत, किलोमीटरला २:३७. उलट २ तास १ मिनिटाच्या मॅरेथॉनला किलोमीटरला २:५२ पुरतात. पंधरा सेकंदांची सूट! कागदावर बघितलं तर हा माणूस गप्पा मारत जाईल.

डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅलेन्सियात तो पहिली मॅरेथॉन पळाला. वेळ २:०८:५९, क्रमांक ३७वा. सिसाय लेमा २:०१:४८ मध्ये जिंकला. आणि त्याच शर्यतीत चौथा कोण आला? ४१ वर्षांचा बेकेले, २:०४:१९. ज्याचा दहा हजाराचा विश्वविक्रम चेप्तेगेईने त्या २६:११ ने मोडला होता, तोच बेकेले. ट्रॅकच्या घड्याळावर तरुण गडी साडेसहा सेकंदांनी सरस, रस्त्यावर मात्र म्हातारा चार मिनिटं चाळीस सेकंद पुढे. दहा हजाराचं टायमिंग पाहून मॅरेथॉनचं भविष्य सांगणाऱ्यांनी हा निकाल कपाटावर चिकटवून ठेवावा. बेकेलेलाही हे फुकट मिळालं नव्हतं. २०१४ ला पॅरिसमध्ये पहिलीच मॅरेथॉन तो जिंकला खरा, पण पुढे दुबईत दोनदा आणि बर्लिनमध्ये एकदा शर्यत अर्धवट सोडावी लागली.

असं का होतं? मुख्य कारण इंधन. पळताना वजनाच्या दर किलोमागे किलोमीटरला साधारण एक कॅलरी जळते. ५७-५८ किलोच्या धावपटूला दहा हजार मीटरला सहाशेच्या आत कॅलरी लागतात, मॅरेथॉनला चोवीसशेच्या घरात. स्नायू आणि यकृत मिळून साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, ढोबळमानाने दोन हजार कॅलरींची. त्यातही हाताच्या स्नायूंतली पायांच्या कामी येत नाही. चरबी अमाप असते, पण ती सावकाश जळते आणि तेवढ्याच ऊर्जेला जास्त ऑक्सिजन खाते. दहा हजारात ही टाकी कधीच रिकामी होत नाही, त्यामुळे ती जपून वापरायची सवयच पायांना नसते. वेग न सोडता साखर कमी जाळणं हे वर्षानुवर्षं लांब पळूनच अंगवळणी पडतं.

उरलेला हिशोब पोटाने भरायचा असतो. दर पाच किलोमीटरला टेबलावर आपली बाटली ठेवलेली असते. ताशी २१ किलोमीटरच्या वेगात, बाजूच्याला धक्का न देता ती उचलायची, प्यायची आणि प्यालेलं पोटात टिकवायचं. तासाला साठ ते नव्वद ग्रॅम कार्बोहायड्रेट. ट्रॅकवाल्याने शर्यत चालू असताना घोटभर पाणीही प्यायलेलं नसतं. पोटाला हे शिकवायलाच महिने जातात आणि काहींचं पोट शिकतच नाही.

फुल जाऊ द्या, हाफमध्येही, म्हणजे २१ किलोमीटरच्या अर्ध्या मॅरेथॉनमध्येही, नाकातोंडात पाणी जातं. याकोब इंगेब्रिग्टसेनने ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला पाच हजार मीटरचं सुवर्ण घेतलं आणि पुढच्याच महिन्यात कोपनहेगनला हाफ पळाला. पहिले दहा किलोमीटर २७:२७, शर्यत संपली ६३:१३ ला. किलोमीटरला २:४५ ने सुटलेला माणूस उरलेलं अंतर सरासरी ३:१३ ने पळाला.

पैशाचा मुद्दा खरा आहे, म्हणून थोडक्यात. बोस्टनच्या विजेत्याला दीड लाख डॉलर मिळतात. डायमंड लीगची, म्हणजे ट्रॅकवरच्या सर्वांत मोठ्या वार्षिक स्पर्धामालिकेची, साधी फेरी जिंकली तर २०२४ पर्यंत दहा हजार मिळत. वर मोठ्या मॅरेथॉन नुसतं येण्याचे वेगळे पैसे देतात. पण ते नाव बघून देतात, आणि नाव होतं ट्रॅकवरच्या पदकांनी. म्हणजे निव्वळ व्यवहार पाहिला तरी आधी पदकं आणि मग रस्ता, हाच क्रम बरोबर. शिवाय ट्रॅकवर एक शर्यत फसली तर दोन आठवड्यांनी दुसरी असते. मॅरेथॉनवाले वर्षाला साधारण दोनच पळतात. एक फसली की अर्धं वर्ष गेलं.

आणि आता ते अर्धं खरं वाक्य, ‘संपल्यावर जातात’. किपचोगे १८ वर्षांचा असताना २००३ च्या जागतिक स्पर्धेत पाच हजार मीटरला एल गेरूज आणि बेकेले दोघांना हरवून जिंकला होता. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी केनियाच्या संघात त्याला जागा मिळाली नाही, आणि २०१३ मध्ये तो हॅम्बर्गला मॅरेथॉन पळाला. ट्रॅकने दार लावलं म्हणून तो गेला, हे कबूल. पण तेव्हा तो २८ वर्षांचा होता आणि पुढे दोन ऑलिंपिक सुवर्णं आणि दोनदा विश्वविक्रम. असली पेन्शन कोणाला नको!

वयाने आधी जातो तो शेवटच्या लॅपचा वेग. तासाला वीस-एकवीस किलोमीटरने तासन्‌तास जाण्याची ताकद तिशीनंतरही टिकते. त्यामुळे जे आधी जाणार ते आधी वापरायचं, यात घाबरण्याचा संबंध कुठे आला? फराहचं बघा. २०१४ ला त्याने लंडन मॅरेथॉन पळून पाहिली, २:०८:२१, आठवा. परत ट्रॅकवर आला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुन्हा पाच आणि दहा हजार दोन्ही जिंकला. नंतर पूर्णपणे रस्त्यावर गेला आणि २०१८ ला शिकागो २:०५:११ मध्ये जिंकला. मग टोकियो ऑलिंपिकसाठी दहा हजारात परतायचं ठरवलं. पात्रतेला २७:२८ हवे होते, ३८ वर्षांच्या फराहचे २७:४७ झाले.

इथे कोणीतरी नेदरलँड्सच्या सिफान हसनचं नाव घेणार, आणि घ्यायलाच हवं. पॅरिस ऑलिंपिकला तिने पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन तिन्ही पळून दाखवलं. पण निकाल नीट वाचा: मॅरेथॉनमध्ये सुवर्ण, ट्रॅकवर दोन्हीकडे कांस्य. टोकियोत त्याच दोन शर्यतींत तिचं सुवर्ण होतं. मॅरेथॉन ती जिंकली तीही तीन सेकंदांनी, शेवटी टिग्स्ट असेफाला स्प्रिंटमध्ये मागे टाकून. ट्रॅकचा वेग शिल्लक होता म्हणून.

राहिला साबळे. त्याच्या नावावर २०२० मधली दिल्लीची हाफ आहे, १:००:३०. दुप्पट करा, पाच-सहा मिनिटं घाला, की झाली २:०७ ची मॅरेथॉन, असा हिशोब मांडला जातो. एरिट्रियाच्या झेरसेनाय तादेसेची हाफ ५८:२३ होती, तेव्हाचा विश्वविक्रम. अधिकृत शर्यतीतली त्याची सर्वोत्तम मॅरेथॉन २:०८:४६. आणि समजा साबळेने २:०८ काढलेच, तरी व्हॅलेन्सियात २:०८:५९ ला कितवा नंबर आला ते वर आहेच. स्टीपलचेसमध्ये मात्र हाच बीडचा गडी ८:०९.९१ पळाला आणि ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभा राहिला. त्याने काय सोडावं म्हणता?

ट्रॅकवरून जाऊन जमल्याचं उदाहरण आपल्याकडे आहे. शिवनाथ सिंग १९७४ च्या आशियाई स्पर्धेत पाच हजार मीटर जिंकले, १९७६ ला माँट्रियलमध्ये मॅरेथॉनला अकरावे आले आणि १९७८ ला जालंधरला २:१२:०० पळाले. तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून जास्त टिकला. न जमल्याचंही आहे. नाशिकच्या कविता राऊतने दहा हजारात राष्ट्रकुल कांस्य आणि आशियाई रौप्य मिळवलं, रिओच्या मॅरेथॉनला मात्र २:५९:२९ लागले.

आणि त्याच रिओत साताऱ्यातल्या माणची ललिता बाबर होती. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तिने सलग तीन वर्षं पहिला नंबर काढला होता. मग मॅरेथॉन सोडून ती ट्रॅकवर स्टीपलचेसला आली आणि थेट ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहावी आली. ती मॅरेथॉनला घाबरली, असं तेव्हा कोणी फॉरवर्ड केलं नव्हतं.