जग वाचलं, सायमन विसरला

पुढे स्पॉयलरच स्पॉयलर आहेत. 'सिटी ऑफ हेवनली फायर' हे पुस्तक 2014 च्या मे महिन्यात आलं, म्हणजे काही ताजं राहिलेलं नाही. तरी ज्यांना कॅसांड्रा क्लेअरची 'द मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स' मालिका अजून वाचायची आहे, त्यांनी इथूनच मागे फिरावं. नंतर कमेंटमध्ये येऊन मला बोल लावू नये.

या शेवटच्या, म्हणजे सहाव्या पुस्तकावरून वाचकांचं भांडण ठरलेलं आहे. एक गट म्हणतो, सातशेहून जास्त पानं कशाला, निम्म्यात आटोपलं असतं. दुसरा गट म्हणतो, अमर जादूगार मॅग्नस आणि त्याचा प्रियकर ॲलेक पुन्हा एकत्र आले ना, मग आमची काही तक्रार नाही. मी यातल्या कुठल्याच गटात बसत नाही. पुस्तक लांबलंय हे खरंच आहे. पण त्यातलं सोनं खलनायक मेल्यानंतरच्या पानांत आहे, आणि तिथपर्यंत येता येता वाचक इतका दमलेला असतो की ते सोनं त्याच्या हातून निसटतं.

राक्षस मारणाऱ्या, देवदूतांचं रक्त अंगात असलेल्या शॅडोहंटरांची ही गोष्ट मुळात तीनच पुस्तकांची होती. 'सिटी ऑफ बोन्स' 2007 मध्ये आलं, पुढच्या दोन वर्षांत दुसरं आणि तिसरं आलं, आणि 2009 च्या 'सिटी ऑफ ग्लास'मध्ये सगळं नीट मिटलं. खलनायक व्हॅलेंटाइन मेला, नायिका क्लेरी आणि नायक जेस भाऊ-बहीण नाहीत हे एकदाचं ठरलं (देवाची कृपा, दोन पुस्तकं आपण श्वास रोखून बसलो होतो), आणि मेलेला जेस परत आला. कसा आला? राझिएल देवदूत म्हणाला, एक काय ते माग. क्लेरीने जेस मागितला आणि तो मिळाला. बदल्यात काही द्यावं लागलं नाही. तेव्हा आपण सगळे खूश झालो, पण थोडा विचार केला तर कळतं की तो शेवट फुकटात मिळालेला होता.

म्हणून सहाव्या पुस्तकापुढे विचित्र अडचण होती. एकदा छान संपलेली गोष्ट पुन्हा संपवायची, आणि तीही अशी की आधीचा शेवट खोटा वाटू नये. क्लेअरबाईंनी यावर जो तोडगा काढला तो मला अजूनही आवडतो. तिसऱ्या पुस्तकात देवदूताने जे फुकट दिलं, त्याचं बिल सहाव्यात सैतानाकडून आलं. आणि ते ज्याच्या नावावर फाडलं गेलं तो ना नायक होता ना नायिका.

सहाव्या पुस्तकात व्हॅलेंटाइनचा मुलगा आणि क्लेरीचा भाऊ सेबॅस्टियन शॅडोहंटरांना इन्फर्नल कप नावाच्या सैतानी पेल्यातून पाजून आपल्या बाजूला वळवतोय, शॅडोहंटरांचे तळ म्हणजे इन्स्टिट्यूट एकेक करून पडतायत, मॅग्नस, क्लेरीची आई जोसलिन, तिचा जोडीदार ल्यूक आणि व्हॅम्पायर राफाएल ओलीस आहेत, आणि क्लेरी, जेस, ॲलेक, त्याची बहीण इझाबेल आणि क्लेरीचा जिवलग मित्र सायमन हे पाचजण एडोम नावाच्या सैतानी जगात त्यांना सोडवायला निघालेत. या प्रवासाला फार पानं खर्च झालीत. वाळवंट, गुहा, राक्षस, पुन्हा वाळवंट. मधल्या काळात जेसच्या अंगात स्वर्गीय अग्नी असल्यामुळे त्याला आणि क्लेरीला एकमेकांना धड जवळही येता येत नाही. हा प्रकार लेखिकेने किती ताणलाय ते वाचणाऱ्यालाच ठाऊक. शेवटी क्लेरी तो अग्नी आपल्या तलवारीत उतरवते, सेबॅस्टियनच्या बाजूला गेल्याचं सोंग करते आणि त्याच्या अंगात तलवार खुपसते. झालं, युद्ध संपलं. दुसरी कुठलीही मालिका असती तर इथून पुढे मिठ्या, अंत्यविधी आणि एखादं लग्न एवढंच उरलं असतं.

इथे मात्र ही मंडळी एडोममध्येच अडकतात, कारण परतीची वाट सेबॅस्टियनने आधीच बंद करून ठेवलीय. मग येतो ॲस्मोडियस, त्या जगाचा धनी आणि मॅग्नसचा बाप. सोडतो म्हणतो, पण फुकट नाही. त्याला मॅग्नसचं अमरत्व हवंय. मॅग्नस शेकडो वर्षं जगलेला, अमरत्व गेलं तर तो जागीच मरणार. तेव्हा सायमन पुढे होतो. तो व्हॅम्पायर आहे, म्हणजे अमर आहे, आणि त्याचं वय खऱ्या माणसाच्याच हिशेबात असल्यामुळे अमरत्व गेलं तरी तो जगेल. ॲस्मोडियस म्हणतो, एवढ्याने भागणार नाही, आठवणीही दे. क्लेरीच्या, इझाबेलच्या, या सगळ्या जगाच्या. सायमन कबूल होतो.

आता जरा मागे जाऊन पहिल्या पुस्तकातलं पहिलं दृश्य आठवा. न्यूयॉर्कमधला पँडेमोनियम क्लब. निळ्या केसांच्या पोराला तीन मुलं स्टोअररूममध्ये गाठतात, आणि ते क्लेरीला दिसतं. सायमन धावत रखवालदाराला घेऊन येतो, तर दोघांनाही तिथे एकटी क्लेरीच दिसते. मालिका सुरूच तिथून होते: तिला दिसतं, त्याला दिसत नाही. पुढे पाच पुस्तकं हा पोरगा फरफटत फरफटत त्या जगात शिरतो. उंदीर होतो, व्हॅम्पायर होतो, कबरीतून उकरून काढला जातो, कपाळावर केनचं चिन्ह (इजा करणाऱ्यावरच उलटणारा शाप) मिरवतो. आणि सहाव्याच्या शेवटी पुन्हा होता तिथेच. त्याला काहीच दिसत नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बांधणी चांगली म्हटली असती. पण क्लेरीला लहानपणापासून हे सगळं दिसत का नव्हतं, तेही आठवा. तिच्या आईने, जोसलिनने, मॅग्नसकडे नेऊन तिच्या आठवणी बंद करून घेतल्या होत्या, आणि हे काम दर दोन वर्षांनी नव्याने करावं लागायचं. पोरीच्या भल्यासाठी, असं ती आई म्हणते. आणखी एक प्रसंग बहुतेकजण विसरतात. चौथ्या पुस्तकात सायमन आपल्या आईला खरं सांगतो, ती घाबरून त्याला झिडकारते, आणि तो आपली व्हॅम्पायरी ताकद वापरून तिला ते विसरायला लावतो. स्वतःच्या आईला! तेव्हा वाचताना तो प्रसंग भरकन निघून जातो. सहाव्या पुस्तकानंतर तोच प्रसंग टोचायला लागतो.

म्हणजे या मालिकेत विसरायला लावणं हे आधीपासून चालत आलेलं आहे, आणि ते नेहमी दुसऱ्याच्या वतीने, त्याला न विचारता झालेलं आहे. सायमन हा पहिला, जो डोळे उघडे ठेवून हो म्हणतो. मला हाच या मालिकेचा खरा शेवट वाटतो. सेबॅस्टियनला मारणं त्यामानाने सोपं होतं. तलवार होती, अग्नी होता, आणि नवे रून, म्हणजे शॅडोहंटरांची जादुई चिन्हं, काढणं तर क्लेरीला जन्मजात येतंच.

सायमनच का, जेस का नाही, असं एका मैत्रिणीने मला विचारलं होतं. जेसने दिलं असतं तर ते शौर्य झालं असतं, आणि शौर्य तर जेस सकाळी उठल्यापासून करत असतो. सायमन हा मुळात आपल्यासारखा. चष्मेवाला, कॉमिक्स वाचणारा, बँडला रोज नवं नाव ठेवणारा पोरगा. ज्या जगात त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तिथे त्याने स्वतःच्या हिमतीवर जागा केली, आणि तीच जागा तो देऊन बसला.

टीव्ही मालिकेने याचं काय केलं तेही सांगते. 'शॅडोहंटर्स' 2016 ते 2019 चालली, आणि शेवटच्या भागात विसरण्याची कल्पना त्यांनी ठेवली, पण सायमनकडून काढून क्लेरीला दिली. तीही शिक्षा म्हणून: नवे रून काढून तिने मर्यादा ओलांडली, तर देवदूतांनी तिचे रून आणि आठवणी काढून घेतल्या. तिथे सगळा रस गेला असं माझं स्पष्ट मत आहे. एकतर नायिकेला सगळं परत आठवणार हे शेंबडं पोरही सांगेल, आणि तशी चिन्हं त्याच भागात दिसतातही. दुसरं म्हणजे शिक्षा झाली की माणूस बिचारा होतो. सायमन बिचारा नाही, त्याने सौदा केलाय.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी तक्रार अशी की हे पुस्तक शहर सोडून गेलं. या मालिकेची सगळी गंमत न्यूयॉर्कमध्ये होती. बाहेरून पडकं चर्च दिसणारी इन्स्टिट्यूट, हॉटेल ड्युमॉर्टमधले व्हॅम्पायर, मॅग्नसचं ब्रुकलिनमधलं घर आणि तिथल्या पार्ट्या. आपण ज्या रस्त्यावरून चालतो त्याच्याच मागे दुसरं काहीतरी चाललंय, या कल्पनेसाठी तर माणूस अर्बन फँटसी हातात घेतो. सहाव्या पुस्तकात जवळजवळ सगळं शॅडोहंटरांच्या राजधानीत, अलिकांतेत, नाहीतर एडोममध्ये घडतं. काचेचे मनोरे आणि राखेचं वाळवंट. एडोम म्हणजे शॅडोहंटर हरले असते तर त्यांच्या देशाचं, इद्रिसचं, जे झालं असतं ते, ही कल्पना छानच आहे. पडलेले मनोरे ओळखीचे निघतात तेव्हा अंगावर काटा येतो. पण ते न्यूयॉर्क असतं तर? तेच क्लब, तेच पूल, तेच चर्च, फक्त माणसं संपलेली. हातातली संधी घालवली, दुसरं काय.

दुसरी तक्रार पाहुण्यांची. जुन्या काळच्या लंडनमध्ये घडणारी मालिका ज्यांनी वाचली नाही, त्यांना ब्रदर झकरायाह हा शॅडोहंटरांचा गूढ साधू अचानक पुन्हा माणूस का होतो आणि त्यावर बाकीचे वाचक का रडतात, काही कळत नाही. ते प्रकरण माझंही लाडकं आहे, पण इथे ते घुसवल्यासारखं वाटतं. लॉस एंजेलिसच्या इन्स्टिट्यूटमधली एमा आणि ज्युलियन ही बारा वर्षांची पोरं मात्र मला खटकली नाहीत. पुढच्या मालिकेची जाहिरात आहे असं लोक म्हणतात, आणि आहेच, 2016 मध्ये ती मालिका सुरूही झाली. पण युद्ध म्हणजे काय ते या पुस्तकात फक्त त्या पोरांकडे बघून कळतं. सेबॅस्टियनने वळवलेला बाप समोर उभा ठाकतो आणि धाकट्या भावंडांना वाचवायला ज्युलियनला त्याच्यावर हत्यार उगारावं लागतं. क्लेरी-जेसच्या साऱ्या साहसांत या तोडीचं काही नाही.

आणि युद्धानंतर जिंकलेले कसे वागतात, त्यावरही बोलायला हवं. फेरी, म्हणजे परी, लोकांच्या राणीने सेबॅस्टियनशी हातमिळवणी केलेली असते. तर क्लेव्ह, म्हणजे शॅडोहंटरांचं सरकार, सगळ्याच फेरींवर सूड उगवतं, शस्त्रं काढून घेतं, आणि या प्रकाराला नाव देतं 'कोल्ड पीस'. ज्युलियनची सावत्र भावंडं मार्क आणि हेलन अर्धी फेरी. मार्क वाइल्ड हंट या फेरींच्या शिकारी टोळीच्या ताब्यात आहे, त्याला आणायला जायचं नाही असं ठरतं. हेलनला अभ्यासाच्या नावाखाली रँगल बेटावर, त्या बर्फात, पाठवून देतात. तिच्यावर प्रेम करणारी अलीन तिच्याबरोबर जाते, आणि अलीनची आई जिया त्याच क्लेव्हची कॉन्सल, म्हणजे प्रमुख, आहे. जग वाचवणारे लोक पंधरा दिवसांत एवढे कोते होतात, हे तरुण वाचकांच्या पुस्तकात इतकं सरळ लिहिलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. इथे कुणी भाषण ठोकत नाही. कागदावर सह्या होतात आणि दोन पोरं कुटुंबाला मुकतात.

आता समारोपाचं प्रकरण, माझं सगळ्यात मोठं भांडण. सायमन ब्रुकलिनमध्ये साधा माणूस म्हणून जगतोय, जुन्या मित्रांबरोबर बँड आहे. त्या बँडचं नाव त्याने ठेवलंय 'द मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स'. का ठेवलं ते त्यालाच माहीत नाही. सहा पुस्तकं चाललेला बँडच्या नावांचा फालतू विनोद असा येऊन आदळतो की मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. लेखिकेने तिथेच हात आवरायला हवा होता.

पण नाही. मॅग्नस येतो, इझाबेल येते, वाट दाखवली जाते, आणि ल्यूक-जोसलिनच्या लग्नात सायमनही हजर. सगळं आठवलेलं नाही, मान्य. तरी एकदा वसूल झालेली किंमत हप्त्याहप्त्याने परत मिळणार याची खात्री दिली जाते. इझाबेलसाठी वाईट वाटतं म्हणून मी हे चालवून घेते, पटत मात्र नाही. सैतानाशी केलेला सौदा असा सैल निघत असेल तर मॅग्नस आपल्या बापाला इतका टरकून का होता?

नव्याने वाचणार असाल तर लंडनची तीन पुस्तकं पाचव्यानंतर आणि सहाव्याच्या आधी वाचा. झकरायाहचं कोडं सुटेल. सहाव्यातलं एडोमचं वाळवंट जरा भरभर ओलांडलं तरी चालेल. लग्नाचा भाग वाचायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मॅग्नस आपली जुनी हकिकत वहीत लिहून ॲलेकच्या हाती देतो, तेवढं मात्र चुकवू नका. आणि मरताना अंगातलं सैतानी रक्त जळून सेबॅस्टियनचे डोळे हिरवे झाले म्हणून त्याला माफ करणाऱ्यांनी कमेंटमध्ये यावं, मी तयारच बसलेय.