‘काकांना आता घरी बसवा’

नॅस्कार या अमेरिकेतल्या कार रेसिंगमधला ड्रायव्हर डेनी हॅमलिन, त्याच्या एका क्लिपखाली आज कुणा मराठी पोराची कॉमेंट वाचली, "काकांना आता घरी बसवा." डोकंच फिरलं.

अरे बाबा, या काकांनी 2025 मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी सहा रेस जिंकल्या. फीनिक्सच्या शेवटच्या रेसमध्ये 319 पैकी 208 लॅप (ट्रॅकचे फेरे) तेच पुढे होते. तीन लॅप उरले असताना विल्यम बायरन या दुसऱ्या ड्रायव्हरचा टायर गेला, कॉशन आली, म्हणजे सगळ्यांना वेग कमी करायला लावला. हॅमलिनच्या टीमनं चार टायर बदलले, प्रतिस्पर्धी काइल लार्सनच्या टीमनं दोनच, म्हणून तो आधी बाहेर पडला. चॅम्पियनशिप तिथे, टायर बदलायच्या जागी, पिटमध्ये गेली. जन्मतारखेचा काय संबंध?

हॅरी गँट हे नाव ऐकलंय का कधी? सप्टेंबर 1991, वय 51. डार्लिंग्टन, रिचमंड, डोव्हर, मार्टिन्सव्हिल, ओळीनं चार कप रेस (नॅस्कारची सर्वात वरची मालिका) जिंकल्या. मार्टिन्सव्हिलला तर टक्कर होऊन मागे फेकला गेला होता, चेपलेली गाडी घेऊन परत वर आला आणि जिंकला. लोक अजून 'मिस्टर सप्टेंबर' म्हणतात त्याला. (हो, त्याचा क्रू चीफ अँडी पेट्रीनं गाडीही झकास बनवून दिली होती. मान्य.)

माझं मत विचाराल तर नॅस्कारचा ड्रायव्हर आधी डोळ्यांनी किंवा रिफ्लेक्सनी उतरत नाही. लूज, म्हणजे मागून घसरू पाहणारी गाडी नकोशी झाली, की उतरण लागली.

ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, सगळी वळणं डावीकडे. वळणात शिरताना गॅस सोडला, ब्रेक दाबला की वजन पुढच्या उजव्या चाकावर येतं आणि मागची चाकं हलकी होतात. गाडी लूज असेल तर तिचा मागचा भाग भिंतीकडे निघतो, स्टिअरिंग उजवीकडे देऊन तो सावरावा लागतो. टाइट असेल तर उलटं. स्टिअरिंग कितीही फिरवा, नाक भिंतीकडेच. टाइट गाडीत जिवाला घोर कमी, पण पुढचा उजवा टायर घासून संपतो, गाडी मध्यावर वळेपर्यंत वाट बघायची आणि गॅस उशिरा द्यायचा. वेगवान गाडी म्हणजे सुटता सुटता न सुटणारी. बाविशीतल्या पोराला त्यातच मजा येते. भिंती खाऊन झालेला, घरी लेकरं असलेला माणूस रेडिओवर म्हणतो, "जरा टाइट करा." मग पिटमध्ये मागच्या काचेतून लांब पाना घालून वेज वाढवतात, म्हणजे डाव्या मागच्या आणि उजव्या पुढच्या चाकावरचा भार वाढतो. गाडी शहाण्यासारखी चालते. पण समजा लॅपमागे सेकंदाचा एक दशांश गेला, तर शंभर लॅपमध्ये दहा सेकंद. फीनिक्सचा लॅपच जेमतेम अठ्ठावीस सेकंदांचा! आणि टीव्हीसमोर बसलेला म्हणतो, काका संपले.

त्यात 2022 ला नॅस्कारनं नवी गाडी आणली. पंधरा इंची चाकांवरच्या टायरची बाजू उंच आणि मऊ होती, ती घसरण्याआधी सांगून घसरायची. वीस-पंचवीस वर्षं ज्यांनी बुडाखालून तो इशारा ओळखला, त्यांच्या हाती अठरा इंची, ताठ, बुटक्या बाजूचा टायर दिला. हा आधी सांगत नाही, एकदम सुटतो. आणि प्रॅक्टिस? पूर्वी वीकेंडला दोन-तीन सेशन्स असायची, जुना माणूस त्यात गाडी लावून घ्यायचा. आता वीस-पंचवीस मिनिटं. उरलेलं सिम्युलेटरवर, म्हणजे बायरनसारख्या कंप्युटरवर रेसिंग शिकलेल्या पोरांच्या अंगणात. मैदान बदलायचं आणि वर वय काढायचं!

बरं, वयही होतंच, नाही म्हणत नाही. पन्नास अंशांच्या वर तापलेल्या केबिनमध्ये तीन-चार तास बसायचं, घामातून किलो-दोन किलो वजन सहज जातं. कर्ट बुशला 2022 मध्ये पोकोनोच्या क्वालिफाइंगमध्ये डोक्याला मार बसला, 43 व्या वर्षी करिअर तिथेच थांबलं. जिमी जॉन्सननं 41 व्या वर्षी सातवी चॅम्पियनशिप घेतली, जून 2017 मध्ये डोव्हरला 83 वी रेस जिंकली आणि मग साडेतीन सीझन भोपळा. केव्हिन हार्विक 2020 मध्ये नऊ रेस जिंकला, 2021 मध्ये एकही नाही. पण तोच हार्विक 2022 च्या ऑगस्टमध्ये लागोपाठ दोन जिंकला ना? आणि मार्क मार्टिननं 2009 मध्ये पन्नाशीत पाच जिंकल्या, चॅम्पियनशिपमध्ये दुसरा आला. गँटचं तर सांगितलंच.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. रिचर्ड पेटी आठवला. दोनशेवी रेस 4 जुलै 1984 ला डेटोनाला जिंकला, 47 व्या वर्षी. त्यानंतर आठ वर्षं एकही नाही, तरी 1992 पर्यंत चालवत राहिला. तेव्हाही 'बस करा आता' म्हणणारे असतीलच. शेवटच्या रेसमध्ये अटलांटाला गाडी ठोकली, पेटली. क्रूनं जमेल तशी जोडून दिली आणि शेवटचे लॅप मारायला म्हातारा पुन्हा ट्रॅकवर आला. पुढे मोठा स्टार झालेल्या जेफ गॉर्डनची ती पहिलीच कप रेस. त्या पोराला, काकांना घरी बसवणाऱ्याला, एवढं तरी माहीत असावं.

आणि गँटची पाचवी रेस राहिली सांगायची. नॉर्थ विल्क्सबरो, 400 पैकी 350 लॅप पुढे. ब्रेकमधली दहा सेंटची ओ-रिंग, एक रबरी कडी, गेली. तेवढ्या छोट्या ट्रॅकवर, ब्रेकशिवाय, 51 वर्षांचा माणूस, मागून प्रतिस्पर्धी डेल अर्नहार्ट. शेवटी अर्नहार्ट पुढे गेला. गँट दुसरा.