नुसते ‘हाय’
कामाचा संदेश पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते ‘हाय’ किंवा ‘सर, आहात का?’ एवढेच लिहून उत्तराची वाट पाहत बसण्याची पद्धत कोणी रूढ केली, हे मला एकदा कळायलाच हवे. ताळेबंदातली न जुळणारी रक्कम शोधताना जरा कुठे धागा हाती लागावा, तोच फोन थरथरतो; उघडून पाहावे तर प्रश्न नाहीच, केवळ प्रश्नाची नांदी. उत्तर दिले की पलीकडे ‘टायपिंग’ दिसते, थांबते, पुन्हा दिसते, आणि शेवटी विचारले जाते काय, तर कालच ईमेलने पाठवलेली फाइल पुन्हा पाठवता का! संदेश न उघडावा, तर ‘मेसेज पाहिलात का?’ म्हणून फोन येतो. उघडावा, तर २०१४ मध्ये आलेल्या त्या निळ्या खुणा आपल्याविरुद्ध साक्ष द्यायला तयारच असतात. अर्धवट सोडलेल्या कामात मन अडकून राहते आणि त्यामुळे पुढचे कामही खालावते, हे सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्येच दाखवून दिले होते. आमच्या वरिष्ठांच्या लेखी मात्र तत्परता म्हणजे मिनिटाभरात उमटवलेला अंगठा. (ते स्वतः रात्री उत्तरे देतात, हा भाग वेगळा.) तातडीचे असेल तर सरळ फोन करावा, नसेल तर नमस्कार, प्रश्न आणि मुदत एकाच संदेशात लिहावी. दुपारी बारा आणि चार वाजता मी सगळ्यांना उत्तरे देतो, हे प्रोफाइलवर लिहून ठेवले आहे. तरीही आज सकाळी एकाने विचारलेच, ‘बिझी आहात का?’